डबीतली परीक्षा : प्रथम वर्ष यांत्रिकी, सत्र १ च्या प्रकल्प नोंदी

३ जुलै २०२४

विभागप्रमुख सरांचा होकार मिळाला. शब्द असे: "पैसे मागू नका, नेहमीची कागदपत्रं चुकवू नका, बाकी काय करायचं ते करा." एवढं पुष्कळ झालं.

प्रथम वर्ष बीएस्सीची यांत्रिकी (भौतिकशास्त्रातली, बल आणि गतीची) यंदा माझ्याकडे आहे. प्रवेश अजून चालू आहेत, पन्नासच्या आत मुलं धरते. साधारण पंधरा दिवसांनी वीस मिनिटांची एक चाचणी, वर्गातच, मुलांच्या स्वतःच्या फोनवर. तपासेल यंत्र. सत्राअखेरचा लेखी पेपर विद्यापीठाचा, त्याला हात लावायचा प्रश्नच नाही. हेतू: इंटर्नलच्या (महाविद्यालयानं द्यायच्या गुणांच्या) तपासणीचा वेळ निम्म्यावर आणणे.

आमच्या भागात इंटरनेटच्या भरवशावर परीक्षा घेणं म्हणजे पावसाच्या भरवशावर पेरणी. म्हणून इंटरनेट नकोच. कपाटात जुन्या प्रोजेक्टचा रास्पबेरी पाय ४ पडून आहे, पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक. त्यावर मूडलबॉक्स बसतं. मूडल ही चाचण्या, गृहपाठ, गुण हे सगळं सांभाळणारी मुक्त प्रणाली, २००२ पासूनची, ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामास यांनी सुरू केलेली. मूडलबॉक्समध्ये तीच अख्खी प्रणाली मेमरी कार्डात येते आणि पाय स्वतःचंच वायफाय सोडतो. मुलांनी त्याला जोडायचं, बस.

८ जुलै

बसलं. दुसऱ्या प्रयत्नात, पहिलं कार्ड खराब निघालं. प्रयोगशाळेतले मामा म्हणाले, "याला पाय म्हणतात तर हा उभा कशावर राहतो?" आता सगळे तिला डबी म्हणतात.

मूडलचा मराठी अनुवाद लावून पाहिला. एक बटण मराठी, शेजारचं इंग्रजी. काढून टाकला. बटणं इंग्रजीच राहू देत, पैसे पाठवायच्या अ‍ॅपवर मुलं तेच दाबतात. प्रश्नांच्या भाषेचं मात्र ठरत नाहीये. बीएस्सी इंग्रजीत, पण निम्म्याहून जास्त मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. विद्यापीठाचा पेपर इंग्रजीत येणार म्हणून सध्या इंग्रजीच.

१७ जुलै

आषाढी आणि मोहरम एकाच दिवशी. सुट्टी. दिवसभर प्रश्न लिहिले.

एकेक प्रश्न खिडक्या उघडून भरण्यापेक्षा गिफ्ट नावाच्या साध्या मजकूर पद्धतीनं लिहायचे आणि एकदम चढवायचे. बरोबर उत्तराआधी बरोबरची खूण (=), चुकीच्या आधी नागमोडी रेघ (~). भौतिकशास्त्राचं दुखणं असं की आमच्या प्रत्येक सूत्रात बरोबरची खूण असतेच. प्रत्येक ठिकाणी तिच्याआधी उलटी तिरकी रेघ दिली नाही तर प्रणाली सूत्राचा उजवा भाग हेच उत्तर समजते. हे कळेपर्यंत दुपार गेली.

संध्याकाळपर्यंत बावीस प्रश्न. बरोबर उत्तर लिहायला अर्धं मिनिट लागतं. अडतं ते चुकीच्या तीन उत्तरांवर. एक सुचतं, दुसरं ओढून आणावं लागतं, तिसऱ्याला "वरीलपैकी काहीही नाही". चौदा प्रश्नांत ते वापरलं आहे. लाज वाटली, पण झोप जास्त येत होती.

२३ जुलै

स्टाफरूममध्ये विषय निघाला आणि व्हायचं तेच झालं. "ऑनलाइन परीक्षा? २०२० विसरलात?"

कोण विसरेल? २८ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं अंतिम वर्षाची परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही असं सांगितलं आणि राज्यातल्या विद्यापीठांनी ऑक्टोबरपर्यंत घाईघाईनं बहुपर्यायी परीक्षा उभ्या केल्या. आम्ही प्रत्येकानं एका रात्रीत प्रश्नपेढ्या काढून दिल्या. कुणी काय उत्तर दिलं, कुठला प्रश्न फसला, ते आमच्यापर्यंत परत आलंच नाही. निकाल आले, एवढंच. त्या बॅचला अजून "कोविड बॅच" म्हणून टोमणे मारतात. टोमणा खरं तर आमच्या प्रश्नांना बसायला हवा होता.

रसायनशास्त्राचे सर म्हणाले, "त्यापेक्षा मुलांना स्वयमवरचा कोर्स करू द्या आणि मोकळे व्हा." स्वयम, केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ, चांगलं आहे, मी स्वतः तिथले एनपीटीईएलचे (आयआयटींच्या प्राध्यापकांचे) दोन कोर्स केले आहेत. पण तिथला हिशोब बघा: आठवड्याच्या असाइनमेंटना २५ टक्के, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. शिकवणं ऑनलाइन गेलं आणि परीक्षा पुन्हा बाकावर येऊन बसली. त्यांच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं. पण मला रस आहे तो त्या २५ टक्क्यांत. तिथे गुणांची भीती कमी, म्हणून खरं उत्तर मिळायची शक्यता जास्त.

३० जुलै

रंगीत तालीम. फजिती.

पायच्या अंगच्या वायफायवर बारा-तेरा फोन जोडले गेले आणि पुढच्यांना चक्र फिरताना दिसत राहिलं. त्यावर कडी म्हणजे अँड्रॉइड फोन "या वायफायला इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहायचं का?" असं विचारतो, मुलं सवयीनं "नाही" दाबतात आणि फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो. मग "मॅडम, पान उघडत नाही."

उपाय: ग्रंथालयातला जुना राउटर उसना आणला, डबीला तारेनं जोडला, वायफायचं काम त्याच्याकडे दिलं. आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात: आधी डेटा बंद. मग जोडा. मग "हो" दाबा.

नऊ जणांकडे चालतील असे फोन नाहीत. त्यांच्यासाठी प्रयोगशाळेतले पाच संगणक आणि माझा लॅपटॉप. तरी तिघांना दुसऱ्या फेरीत बसवावं लागेल. ही गोष्ट नियोजन करताना माझ्या डोक्यातच आली नव्हती, हे इथे लिहून ठेवते.

६ ऑगस्ट

पहिली चाचणी. अकरा वाजता उघडायची होती. अकरा वाजले आणि सगळ्या पडद्यांवर एकच ओळ: चाचणी अजून सुरू झालेली नाही.

डबीत घड्याळाची बॅटरी नसते. इंटरनेट असेल तर ती वेळ विचारून घेते. नसेल तर बंद करताना जी वेळ होती तिथूनच पुढे मोजते. डबीच्या हिशोबानं अजून कालची संध्याकाळ होती. तारीख-वेळ हातानं भरली, अकरा वाजून नऊ मिनिटांनी सुरू. मामांनी आता डबीवर चिठ्ठी चिकटवली आहे: "आधी घड्याळ."

दोघांनी आकडे मराठी कळफलकावरून टाकले. "१९.६" हे उत्तर प्रणालीला आकडाच वाटलं नाही. दोघांचं हातानं बरोबर केलं. पुढच्या वेळी फळ्यावर आणखी एक ओळ.

७ ऑगस्ट

आजची नोंद लांबणार.

प्रश्न सात: चेंडू सरळ वर फेकला. सर्वोच्च बिंदूला, जिथे तो क्षणभर स्थिर असतो, त्याच्यावर निव्वळ बल किती? बरोबर उत्तर mg, म्हणजे चेंडूचं वजन, खाली. हवेचा विरोध सोडला तर वर जाताना, टोकाला आणि खाली येताना तेवढंच. मी हे दोन तास शिकवलं होतं. आकृती काढली, बाण काढले, "कळलं?" विचारलं, "हो मॅडम" आलं.

निम्म्याहून जास्त जणांनी "शून्य" निवडलं.

कागदी पेपरात मला हे कधी दिसलं असतं? "न्यूटनचा दुसरा नियम सांगा व सिद्ध करा" याला हीच मुलं पाचपैकी चार मिळवतात. मी एकेक पेपर तपासते, गुण देते, गठ्ठा बांधते. कोणत्या मुलांनी काय चुकीचं मानलं ते गठ्ठ्यात बांधलं जातं. इथे एका पडद्यावर, चाचणी संपल्याच्या मिनिटाला, चारही पर्यायांपुढे आकडे उभे.

दुपारी व्हरांड्यात पाच-सहा जणांना थांबवून विचारलं. कारणं दोन निघाली.

एक भाषेचं. प्रश्नात "मोमेंटरिली अ‍ॅट रेस्ट" होतं. "क्षणभर स्थिर" ऐवजी एकानं ते "मोमेंटमच्या, म्हणजे संवेगाच्या, बाबतीत स्थिर" असं वाचलं. त्याचा मित्र त्याला हसला आणि मग कबूल झाला की त्यानंही तसंच वाचलं होतं.

दुसरं जास्त खोल. एक मुलगी म्हणाली, "वर जाताना चेंडूत जोर असतो ना मॅडम. तो कमी कमी होत जातो. वर पोचला की जोर संपतो, म्हणून पडतो." मी हे वाक्य तसंच वहीत उतरवलं. यातला "जोर" काढून "गतिज ऊर्जा" घातली तर टोकापर्यंतचं वाक्य बरोबर आहे. "संवेग" घातला तरी चालतं. "बल" घातलं की चुकतं. आपल्या रोजच्या मराठीत हा एकच शब्द तिन्ही कामं करतो, आणि मी वर्गात गाडी ढकलण्याचं उदाहरण देताना तोच वापरते: "जोर लावला की..." म्हणजे बलाची व्याख्या फळ्यावर आणि त्याचा घोळ माझ्या तोंडून, एकाच तासात.

१९९२ मध्ये अमेरिकेत हेस्टेनेस आणि सहकाऱ्यांनी बलाच्या संकल्पनेवर एक प्रश्नावली काढली, तिची ताकद याच जागी आहे: तिच्यातले चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या खऱ्या समजुतींवरून आलेले. हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी ती आपल्या वर्गाला दिली आणि गणितं सफाईनं सोडवणारी मुलं तिथे अडखळताना पाहून व्याख्यान देण्याची पद्धतच बदलली. मी हे वाचलं होतं. वाचून "वरीलपैकी काहीही नाही" लिहीत बसले होते.

आजपासून नियम: चुकीचा पर्याय मनानं रचायचा नाही. कुणाच्या तरी तोंडून यायला हवा. आणि प्रश्न दोन्ही भाषांत, इंग्रजीखाली मराठी.

१३ ऑगस्ट

व्हर्नियरच्या (बारीक लांबी मोजायच्या उपकरणाच्या) प्रश्नात प्रत्येकाला वेगळे आकडे जातात: मुख्य मापपट्टीचं वाचन, जुळलेली रेघ, शून्य त्रुटी (काही मोजत नसतानाही दिसणारं वाचन). सूत्र एक, आकडे प्रणाली वाटते. सरावासाठी घरी न्यायला... नाही, घरी डबी नाही. ग्रंथालयात मधल्या सुट्टीत खुली ठेवली आहे.

एक मुलगा आला. "मॅडम, माझं चुकलं होतं, तरी बरोबर दाखवलं." शून्य त्रुटी वजा करायला तो विसरला होता. खरं उत्तर २.३४ सेंमी, त्यानं लिहिलं २.३६. प्रणाली गणिती प्रश्नाला आपणहून एक टक्का सवलत देते. २.३४ चा एक टक्का ०.०२३. फरक ०.०२. पास. जे उपकरण ०.०१ सेंमी अचूक वाचायला शिकवतो, त्याच्या परीक्षेत मी दोन रेघांची चूक माफ करत होते. सवलत टक्क्यांतून काढून थेट ०.००५ सेंमी केली, सगळे प्रयत्न पुन्हा तपासून घेतले. अकरा जणांचे गुण उतरले. तक्रार करणाऱ्याचे पण. तो हसत होता, बाकीचे त्याच्याकडे बघत होते ते हसत नव्हते.

२० ऑगस्ट

दुसरी चाचणी. डेटा बंद ठेवा म्हणून सांगणं एक आणि ठेवणं एक. पडदा कुलूपबंद करणारा सेफ एक्झाम ब्राउझर आहे, पण तो अँड्रॉइडवर चालत नाही आणि इथे सगळे अँड्रॉइडच.

शेवटच्या दोन ओळींत व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरले, मला नंतर एकीनंच सांगितलं. पण आकडे प्रत्येकाचे वेगळे, पर्यायांचा क्रम वेगळा; फोटोतलं उत्तर कुणाच्या कामाचं नव्हतं. मग पाचव्या मिनिटाला ग्रुपवर काय आलं? "आधी शून्य त्रुटी बघा, प्लस असेल तर वजा करा." कॉपीच ती. पण ही कॉपी मी परीक्षेच्या आदल्या दिवशी स्वतः वाटली असती.

२२ ऑगस्ट

विश्लेषणात प्रत्येक प्रश्नापुढे दोन आकडे येतात. एक, किती जणांना जमला. दुसरा, एकूण चाचणी चांगली सोडवणाऱ्यांना जमला की वाईट सोडवणाऱ्यांना. प्रश्न अकराचा दुसरा आकडा उणे. हुशार मुलांचं चुकलं, बाकीच्यांचं बरोबर आलं.

लंबक टांगलेली लिफ्ट मुक्तपणे पडते, दोलनकाल किती? अनंत, लंबक झुलतच नाही. मी खूण "शून्य" समोर दिली होती. टंकताना. म्हणजे यंत्रानं उत्तरपत्रिका तपासता तपासता मलाही तपासलं. गेल्या बारा वर्षांच्या माझ्या कागदी आदर्श उत्तरांत अशा किती खुणा असतील, कोण जाणे.

गुण दुरुस्त केले, वर्गात सांगितलं. मागच्या बाकावरून टाळ्या.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. फुलं, पेन, आणि विभागप्रमुख सरांचा निरोप: ऑनलाइन चाचण्यांचे पुरावे नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलला लागतील, प्रत्येक विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका प्रिंट काढून सही घ्या. अठ्ठेचाळीस गुणिले दोन चाचण्या. दोन रिमांमधला बराच कागद गेला. सह्या घेताना एका मुलानं विचारलं, "मॅडम, मग आधीच कागदावर घ्यायची होती की."

सरांना वाईट म्हणत नाही. फाइल मागणारे येतात तेव्हा त्यांनाच उत्तर द्यावं लागतं. शिवाय त्यांनी एक बरा प्रश्न विचारला: "चाचण्यांत एवढा वेळ जातो, तेवढ्यात एक धडा उजळला नसता का?" यावर माझ्याकडे रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग होता. उतारा परत वाचणाऱ्या मुलांना पाच मिनिटांनी ८१ टक्के आठवला, स्वतःची चाचणी घेणाऱ्यांना ७५. आठवड्यानं उलटलं: वाचणारे ४२, चाचणीवाले ५६. सर म्हणाले, "आपली मुलं पाच मिनिटंच आधी वाचतात हो." हसलो दोघंही. पण विरोध सोडला त्यांनी.

७ ते १७ गणपती. काही होणार नाही.

२० सप्टेंबर

तिसरी चाचणी, नवा खेळ. प्रत्येक उत्तराबरोबर खात्री सांगायची: कमी, मध्यम, पक्की. बरोबर आलं तर १, २, ३. चुकलं तर ०, उणे २, उणे ६. ही पद्धत युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या टोनी गार्डनर-मेडविन यांनी वैद्यकीच्या विद्यार्थ्यांसाठी वाढवली, आणि मूडलमध्ये ती तयार मिळते. हिशोब नेटका आहे: बरोबर असण्याची शक्यता दोन-तृतीयांशाच्या वर वाटली तर "मध्यम" फायद्याचं, ८० टक्क्यांच्या वर वाटली तर "पक्की". थापा मारल्या की मार बसतो, उगाच नम्रता दाखवली तरी नुकसान.

मुलं म्हणाली, हे तीन पत्तीसारखं आहे. वर्गात पहिल्यांदाच परीक्षेआधी उत्साह.

हे गुण इंटर्नलला धरले नाहीत. उणे गुण फाइलला कसे लावणार? पण दिसलं ते मोलाचं. "माहीत नाही" आणि "चुकीचं पक्कं माहीत आहे" ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि साध्या पेपरात दोन्हीला सारखाच शून्य पडतो. घर्षणाच्या प्रश्नात बहुतेक चुका "कमी" खात्रीच्या: शिकवलं तर सुटेल. न्यूटनच्या तिसऱ्या नियमात चुका "पक्की" वर. ट्रक आणि सायकलची टक्कर, दोघं एकमेकांवर सारखंच बल लावतात, पण ट्रक जास्त लावतो असं पैज लावून सांगतात. तिथे नुसतं पुन्हा शिकवून काय होणार?

२७ सप्टेंबर

गृहपाठ बंद केला. फोटो काढून विचारलं की एआय पानभर उत्तर देतं, मुलं सुवाच्य अक्षरात उतरवतात, मी सुवाच्य अक्षराला गुण देते. त्याऐवजी: स्वतःच्या एका चुकीच्या उत्तराबद्दल एक मिनिट बोला, मराठीत, आधी काय वाटत होतं आणि का.

मूडलमध्ये थेट आवाज नोंदवता येतो, पण सुरक्षित जोडणी नसेल तर ब्राउझर माइक देत नाही आणि आमची डबी साध्या जोडणीवर. मुलांनी फोनवर रेकॉर्ड करून फाइल चढवली.

दोन संध्याकाळी ऐकत होते. मागे भांडी, कुकरच्या शिट्ट्या, एका ठिकाणी कंडक्टरची घंटी. लेखी पेपरात नेहमी पहिला येणाऱ्यानं पुस्तकातली व्याख्या इंग्रजीत म्हणून दाखवली, एका दमात. त्याला काय वाटत होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्याचं चुकीचं उत्तर कुठून आलं हे त्यालाही ठाऊक नसावं. त्याच्याशी बोलायला हवं. गुण कसे द्यायचे? दिले नाहीत. पोच म्हणून खूण केली.

४ ऑक्टोबर

काल मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. स्टाफरूममध्ये पेढे. मी "जोर" या एका शब्दाशी दोन महिने झगडते आहे.

चौथ्या चाचणीत प्रश्न सात परत टाकला, आकृती बदलून, मराठी ओळीसह, आणि एक पर्याय त्या मुलीच्या वाक्याचा: "चेंडूतला जोर संपला म्हणून बल शून्य." मधल्या काळात ट्रक-सायकलचा आणि चेंडूचा प्रश्न वर्गात चर्चेला घेतला होता: आधी फोनवर उत्तर, मग शेजाऱ्याशी भांडण, मग पुन्हा उत्तर. बरोबर उत्तरं वाढली. सगळी नाही. काही जण "शून्य"वरून हलले ते "वरचा जोर आणि खालचा जोर सारखा होतो" इथे जाऊन बसले. हे आधीपेक्षा जवळ की लांब, ठरवता येत नाही.

९ ऑक्टोबर

हिशोब. कागदी पद्धतीत दोन इंटर्नल, अठ्ठेचाळीस उत्तरपत्रिका, प्रत्येकीला आठेक मिनिटं: साधारण तेरा तास. यंदा तपासणीचे तास शून्य. प्रश्न लिहिणं, सुधारणं, विश्लेषण, आवाज ऐकणं मिळून एक्केचाळीस. प्रिंट काढल्या त्याचे वेगळे. पहिल्या पानावरच्या हेतूवर रेघ मारली.

गणिताच्या मॅडमना डबी पुढच्या सत्रासाठी हवी आहे. त्यांना सांगितलं, चुकीचे पर्याय स्वतः रचू नका. त्या म्हणाल्या, "मग कुणाकडून रचून घेऊ?" माझी वही दिली वाचायला.

विद्यापीठाचा पेपर दिवाळीच्या सुमारास. त्यात पाच गुणांना "नियम सांगा व सिद्ध करा" येणार, आणि त्याची तयारीही मीच करून घेणार.

उद्या: कार्डाची पूर्ण प्रत काढणे. राउटर ग्रंथालयाला परत. मामांच्या चिठ्ठीखाली "आकडे इंग्रजी" जोडणे. प्रश्न सातचा तिसरा पर्याय परत लिहिणे. एका रेकॉर्डिंगमध्ये "जोर पार निथळून गेला" असं आलंय, ते तसंच ठेवायचं.